८५८ टेराबाइट एका आगीत खाक झाले, मग आपल्या घरच्या कॉम्प्युटरमधल्या फोटोंचं काय?

२६ सप्टेंबर २०२५ च्या रात्री दक्षिण कोरियातल्या डेजॉन शहरात एका सरकारी डेटा सेंटरला आग लागली. तिथे बॅटऱ्या हलवण्याचं काम सुरू होतं. लिथियम-आयन बॅटऱ्या पेटल्या की पाणी मारून चटकन विझत नाहीत. ही आग पूर्ण विझायला जवळपास एक दिवस गेला. तोपर्यंत देशातल्या सहाशेहून जास्त सरकारी यंत्रणा बंद झाल्या होत्या. पोस्टाची सेवा, ओळखपत्रं, सरकारी ईमेल, सगळंच अडकलं.

पुढे बऱ्याच सेवा टप्प्याटप्प्याने सुरू झाल्या. एक गोष्ट मात्र परत आली नाही. तिचं नाव जी-ड्राइव्ह.

जी-ड्राइव्ह म्हणजे तिथल्या सरकारी कर्मचाऱ्यांचं सामायिक कपाट. प्रत्येकाला ३० जीबी जागा आणि सूचना अशी की कामाची कागदपत्रं स्वतःच्या कॉम्प्युटरवर न ठेवता इथेच ठेवा. सुरक्षेसाठी केलेली व्यवस्था होती ती. तिथे साठलेला ८५८ टेराबाइट डेटा त्या रात्री जळाला आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. साठा फार मोठा आणि यंत्रणा संथ, त्यामुळे बाहेर बॅकअप ठेवणं जमलं नाही, असं सरकारकडून सांगण्यात आलं. ८५८ टेराबाइट म्हणजे बाजारात मिळणाऱ्या एक टीबीच्या ८५८ साध्या हार्ड डिस्क. कोरियासारख्या देशाला एवढं जमू नये, यावर तिथल्या लोकांनी सरकारला सोशल मीडियावर भरपूर सुनावलं.

नंतर जे थोडंफार परत मिळालं ते कुठून? ज्यांनी कामाच्या फायली स्वतःच्या कॉम्प्युटरवरही राहू दिल्या होत्या त्यांच्याकडून, जुन्या ईमेलमधून आणि छापून ठेवलेल्या कागदांमधून.

ही बातमी आपल्याकडे दोन दिवस फिरली आणि विरली. पण तिच्यात घरच्या कॉम्प्युटरसाठी एक नेमका प्रश्न दडलेला आहे. "तुमच्याकडे बॅकअप आहे का?" असं विचारलं तर बहुतेक जण हो म्हणतात. विचारायला हवं ते असं: तुमच्या दोन्ही प्रती एकाच कारणाने जाऊ शकतात का?

न्हावा शेवा ते घाना

हा प्रश्न नीट समजायला एक जुनं प्रकरण बघू. २७ जून २०१७ रोजी नवी मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम अचानक ठप्प झालं. कंटेनर उतरेनात, ट्रकच्या रांगा लागल्या. हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहातलं. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पसरलेल्या 'नॉटपेट्या' या घातक प्रोग्रॅमने मर्स्कचे जगभरातले कॉम्प्युटर काही तासांत निकामी केले होते. तो खंडणी मागत होता, पण पैसे भरूनही काही परत मिळण्याची सोय त्यात नव्हती. तो पुसून टाकण्यासाठीच बनवला होता.

कंपनीकडे प्रती नव्हत्या असं नाही. कोणता कर्मचारी कोण, कोणाला कुठे प्रवेश, याची नोंद ठेवणारे सुमारे १५० सर्व्हर जगभर होते आणि प्रत्येकाकडे तीच माहिती होती. एक गेला तर बाकीचे आहेत, असा हिशेब. पण ते सगळे सतत एकमेकांशी जोडलेले असल्यामुळे सगळेच एकदम गेले. वाचला फक्त एक, घानामधला. कारण? हल्ला झाला त्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो सर्व्हर बंद होता! तिथलं इंटरनेट इतकी माहिती पाठवण्याएवढं वेगवान नव्हतं आणि तिथल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी एक माणूस हार्ड डिस्क घेऊन नायजेरियाला गेला, तिथल्या विमानतळावर ती दुसऱ्याच्या हातात दिली आणि ती लंडनला पोचली.

लोडशेडिंगने वाचलेला बॅकअप! आपल्याकडे हे वाचून हसू येईल, पण मुद्दा पक्का आहे. १५० प्रती असूनही उपयोगी पडली ती त्या क्षणी तुटलेली असलेली एकच.

दुसरं उदाहरण मे २०२४ मधलं. ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं सगळं काम गुगल क्लाउडवर होतं, तेही दोन वेगवेगळ्या भौगोलिक ठिकाणी, म्हणजे एका ठिकाणी आग लागली तरी दुसरं शाबूत राहील अशा बेताने. पण चूक खुद्द गुगलच्या बाजूने झाली. मांडणी करताना राहिलेल्या एका चुकीमुळे फंडाचं क्लाउडवरचं खातंच पुसलं गेलं आणि खातं गेल्यावर दोन्ही ठिकाणच्या प्रती गेल्या. सहा लाखांहून जास्त सभासदांना आठवडाभर आपलं खातं बघता येत नव्हतं. फंड सावरला, कारण त्यांनी एक बॅकअप गुगलबाहेरच्या दुसऱ्याच कंपनीकडे ठेवला होता.

आग, व्हायरस, खातं बंद. तीन वेगळी कारणं आहेत. आता घरात येऊ.

"माझं सगळं गुगलवर आहे"

हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. त्यात एक गफलत आहे. गुगल फोटोज किंवा वनड्राइव्ह जे करतात त्याला सिंक म्हणायचं. इथे जे आहे तेच तिथे दिसेल, अशी ती जुळवाजुळव. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. फोनची जागा भरली म्हणून गुगल फोटोजच्या ॲपमधून दोन वर्षांचे फोटो डिलीट केले तर ते क्लाउडवरूनही जातात. ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतात, मग कायमचे जातात. "मी फक्त फोनमधून काढले होते" असं ६१ व्या दिवशी म्हणून उपयोग नसतो. फक्त फोनमधली प्रत काढायची असेल तर त्यासाठी ॲपमध्ये वेगळा पर्याय आहे, जागा मोकळी करण्याचा. तोच वापरावा.

वनड्राइव्हचंही तसंच. नव्या विंडोज ११ लॅपटॉपवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सचे फोल्डर बऱ्याचदा आपोआप वनड्राइव्हला जोडले जातात. मालकाला हे माहीतही नसतं. मोफत जागा ५ जीबी. ती भरली की पुढचं काही वर जात नाही आणि कोपऱ्यातली सूचना आपण रोज बंद करत राहतो. मग जिथे सगळं आहे असं वाटतं तिथे दीड वर्षापूर्वीपर्यंतचंच असतं.

याचा अर्थ क्लाउड वाईट असा नाही. घर बुडालं, लॅपटॉप चोरीला गेला तर क्लाउडसारखा आधार नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या घरांत आणि दुकानांत काही हलवायला वेळच मिळाला नव्हता. अशा वेळी कॉम्प्युटर आणि त्याच टेबलाच्या खणातली बॅकअपची हार्ड डिस्क, दोन्ही एकाच चिखलात जातात. पण क्लाउडचं दार उघडणारी किल्ली म्हणजे तुमचं खातं. ते एक गेलं की दारामागचं सगळं गेलं.

खातं जाऊ शकतं का? २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने अमेरिकेतल्या एका बापाची हकीकत छापली होती. लहान मुलाला संसर्ग झाला म्हणून डॉक्टरला दाखवण्यासाठी त्याने फोनवर फोटो काढले. ते आपोआप क्लाउडवर गेले. गुगलच्या यंत्रणेला ते आक्षेपार्ह वाटले आणि खातं बंद झालं. पोलिसांनी तपास करून त्याला निर्दोष ठरवलं, तरी खातं परत मिळालं नाही. त्यात दहाएक वर्षांचे फोटो, ईमेल, फोन नंबर होते. असं सगळ्यांचं होत नाही, मान्य. पण पासवर्ड विसरणं, जुना मोबाइल नंबर बंद झाल्यामुळे ओटीपी न येणं, कोणीतरी खातं हॅक करणं, यातलं काहीतरी तुमच्या ओळखीत नक्की झालेलं असेल.

मग नेमकं काय करायचं?

छायाचित्रकारांच्या जगातून आलेला एक नियम आहे. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी तो रूढ केला: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घरगुती भाषेत सांगायचं तर एक कॉम्प्युटरमध्ये, एक एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर किंवा दुसऱ्या घरी. पुण्यात नोकरी आणि साताऱ्यात आईवडील असतील तर एक डिस्क साताऱ्याच्या कपाटात ठेवणं ही 'घराबाहेरची प्रत' झाली. दर सणाला जाताना नवी न्यायची आणि जुनी आणायची. इंटरनेट लागत नाही, महिन्याचे पैसे लागत नाहीत.

हार्ड डिस्कबद्दल एक गोष्ट लोक हमखास चुकवतात. ती कायम कॉम्प्युटरला जोडून ठेवतात. रॅन्समवेअर घुसलं की ते जोडलेल्या प्रत्येक ड्राइव्हवरच्या फायली कुलूपबंद करतं, बॅकअपच्या डिस्कसकट. घानाची गोष्ट इथे आठवावी. बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवायची. आणि पेनड्राइव्हला बॅकअप समजू नये. तो ने-आण करायला ठीक आहे, पण हरवतो, वाकतो आणि न सांगता मरतो.

सगळंच साठवायची गरज नाही, हे मी मुद्दाम सांगतो. बहुतेक लोक 'सगळा कॉम्प्युटर' कॉपी करायला बसतात, ते अर्धवट राहतं आणि मग कायमचं राहूनच जातं. डाउनलोड केलेले सिनेमे, सॉफ्टवेअर, फॉरवर्ड आलेले व्हिडिओ पुन्हा मिळतात. सरकारने दिलेली बरीच कागदपत्रं डिजिलॉकरवरून पुन्हा काढता येतात. पुन्हा मिळणार नाही असं घरात काय आहे ते बघायचं. मुलांचे फोटो. आजीच्या आवाजातली रेकॉर्डिंग. सोसायटीचे हिशेब, टॅलीचा डेटा. अर्धा लिहून झालेला प्रबंध. शिकवणीच्या पंधरा वर्षांच्या नोट्स. जमिनीच्या जुन्या कागदांची स्कॅन. हे सगळं एका फोल्डरखाली आणलं की निम्मं काम झालं. फोटो सोडले तर हा पसारा बऱ्याच घरांत काही जीबींचाच निघतो. एक टीबीची एक्स्टर्नल डिस्क साध्या स्मार्टफोनपेक्षा स्वस्त पडते. उलट बंद पडलेल्या डिस्कमधून डेटा काढून देणारे हजारो रुपये घेतात आणि तरी खात्री देत नाहीत.

सवय म्हणजे इच्छाशक्ती नव्हे

"दर रविवारी बॅकअप घेईन" हा संकल्प जानेवारीतल्या जिमसारखा असतो. जे काम आपण आठवणीने करायचं ठरवतो ते आठवणीसोबतच जातं. म्हणून जेवढं आपोआप होईल तेवढं होऊ द्यावं. विंडोजमध्ये 'फाइल हिस्टरी' आणि मॅकमध्ये 'टाइम मशीन' या सोयी आधीपासून दिलेल्या आहेत. एकदा चालू केल्या की डिस्क जोडल्यावर त्या स्वतःच बदललेल्या फायली उचलतात. शिवाय जुन्या आवृत्त्याही ठेवतात, म्हणजे चुकून बिघडवलेली मंगळवारची फाइल सोमवारच्या रूपात परत मिळते. साध्या कॉपी-पेस्टमध्ये ही सोय नाही.

आपल्या हाती उरतं ते डिस्क जोडणं. ते आधीच ठरलेल्या एखाद्या कामाला चिकटवावं. घरात ज्या दिवशी विजेचं बिल भरलं जातं, त्या दिवशी डिस्क जोडायची. सोसायटीचे सेक्रेटरी असाल तर मेंटेनन्सच्या पावत्या निघाल्या की जोडायची. पहिल्यांदा दोन-तीन तास लागतील, रात्री लावून झोपा. नंतर फक्त नवं तेवढं जातं, चहा होईपर्यंत आटोपतं. क्लाउडवरची पहिली फेरी मात्र जास्त वेळ घेते. २०० जीबी फोटो चढवायला ५० एमबीपीएसच्या अपलोड वेगानेही नऊ तास लागतात आणि घरगुती कनेक्शनचा अपलोड वेग जाहिरातीतल्या आकड्याएवढा असेलच असं नाही.

३१ मार्चला जगभर 'वर्ल्ड बॅकअप डे' पाळतात, २०११ पासून. आपल्याकडे तो दिवस मार्च एण्डच्या गडबडीचा, तेव्हा कोणाला सुचणार! त्यापेक्षा खंडेनवमी-दसरा बरा. त्या दिवशी आपण कॉम्प्युटरला हळदकुंकू लावतोच, झेंडूचं फूल ठेवतो. त्याच दिवशी वर्षातून एकदा एक तपासणी करावी, जी जवळपास कोणीच करत नाही: बॅकअपमधून फाइल परत काढून बघणं.

हे का महत्त्वाचं, ते गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीने जगाला दाखवलं. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या एका इंजिनिअरकडून थकव्याच्या भरात चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा उडाला. बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या पद्धती होत्या, त्यातली एकही नीट चालत नव्हती असं त्या रात्री लक्षात आलं. एका माणसाने योगायोगाने सहा तास आधी काढलेल्या प्रतीवर त्यांनी भागवलं. मधल्या सहा तासांचा डेटा गेला. बॅकअप 'सुरू आहे' असं दिसणं आणि त्यातून फोटो उघडणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दसऱ्याला पाच फायली निवडा, एक जुनी, एक नवी, एक व्हिडिओ, आणि शक्यतो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

हाच काळ धोक्याचा का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षेचे अपडेट आणखी वर्षभर मिळवायची सोय आहे, पण त्यासाठी नाव नोंदवावं लागतं. अनेक जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ चालत नाही. त्यामुळे एकतर अपडेट नसलेली मशिन घराघरांत राहणार आहेत, नाहीतर लोक नवा लॅपटॉप घेऊन जुना विकणार किंवा दुकानदाराकडे 'फॉरमॅट मारायला' देणार आहेत. डेटा जायची यापेक्षा नेहमीची वाट नाही. "सी ड्राइव्ह पुसलं, डी तसंच आहे" असं दुकानदार सांगतो आणि घरी आल्यावर कळतं की फोटो डेस्कटॉपवर होते, म्हणजे सी ड्राइव्हवर.

नव्या लॅपटॉपमध्ये आणखी एक पेच असतो. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क बऱ्याचदा आपोआप एन्क्रिप्ट होते. चोरी झाली तर चोराला काही दिसत नाही, हे चांगलंच. पण मदरबोर्ड बदलला किंवा काही बिघडलं तर स्क्रीनवर ४८ आकडी किल्ली मागितली जाते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते आणि लॅपटॉप सुरू करताना दुकानदाराने स्वतःच्या एखाद्या ईमेलने खातं उघडलं असेल तर ती तुम्हाला मिळणार कुठून? आज लॅपटॉप चालू आहे तोवर ती किल्ली खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवावी.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट आहे. २००० च्या दशकातल्या फायली श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये असतील तर त्यांचा बॅकअप असूनही त्या वाचता येतीलच असं नाही. तो फॉन्ट नव्या कॉम्प्युटरवर नसेल तर फाइल उघडते, पण समोर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो. जुनं मशिन चालू आहे तोवर अशा फायलींची पीडीएफ करून ठेवावी आणि महत्त्वाच्या मजकुराचं युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावं. जुने दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल, वडिलांच्या कविता अशा कितीतरी गोष्टी आज याच अवस्थेत जुन्या सीपीयूंमध्ये पडून आहेत.

आणि वडिलांचा विषय निघालाच आहे तर त्यांच्या जीमेलबद्दल. वैयक्तिक खातं दोन वर्षं वापरलं नाही तर गुगल ते फोटोंसकट पुसू शकतं. डिसेंबर २०२३ पासून हा नियम लागू आहे. माणूस गेल्यावर त्याचं खातं कोणी उघडत नाही, पासवर्ड कोणाला माहीत नसतो आणि दोन वर्षं बघता बघता सरतात. गुगलच्या सेटिंगमध्ये 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' नावाची सोय आहे. इतके महिने खातं वापरलं नाही तर या व्यक्तीला कळवा आणि हा डेटा तिला द्या, असं त्यात आधीच लिहून ठेवता येतं. ते ज्याचं त्यालाच, जिवंतपणी, स्वतः लॉगिन करून भरावं लागतं. पाच मिनिटं लागतात, आणि घरातल्या मोठ्यांना ते पान उघडून द्यायला बहुधा तुम्हालाच शेजारी बसावं लागेल.